बंगल्यामागच्या छोट्या स्विमिंग पूलची उन्हाळ्यासाठी तयारी आणि सजावट कशी करावी?

प्रश्न: पुण्यात नुकताच जुना बंगला घेतला आहे. मागच्या अंगणात आधीच्या मालकांनी बांधलेला छोटा स्विमिंग पूल आहे. मुलांना सुट्टी लागायच्या आत तो वापरता यावा आणि दिसायलाही छान व्हावा अशी इच्छा आहे. काय काय सामान घ्यावं? सजावट कशी करावी? बजेट बेताचं आहे.

उत्तर:

फुगवायचे फ्लेमिंगो, रंगीत दिवे आणि मोठी छत्री तुमच्या यादीत आधीच असणार. ती यादी बाजूला ठेवा आणि एक बादली घ्या. घरातलीच चालेल.

बादली पाण्याने भरून टँकच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवर ठेवा, म्हणजे ती अर्धीअधिक पाण्यात राहील. (पुण्यात नुसतं 'पूल' म्हटलं की मला लकडी पूल आठवतो. लहानपणी डेक्कनला टिळक टँकवर पोहायला शिकले, त्यामुळे माझ्या तोंडात टँकच बसलाय. चालवून घ्या.) बादलीच्या आतल्या पाण्याला एक खूण करा आणि बाहेर टँकच्या पाण्याला एक. चोवीस तासांनी बघा. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील तर ऊन पाणी पितंय. बाहेरची जास्त उतरली असेल तर टँक गळतोय, मग सगळं सोडून आधी ते बघा. जुन्या टँकमध्ये पाइपचे सांधे आणि दिव्याच्या मागची जागा हे गळतीचे नेहमीचे संशयित.

आमचा टँक बावधनला, अठरा बाय नऊ फुटांचा, पाणी चार फूट. म्हणजे साधारण 18 हजार लिटर. पृष्ठभाग 15 चौरस मीटर, त्यामुळे पाणी एक मिलीमीटर उतरलं की 15 लिटर गेलं, अगदी एक बादली. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मी स्टीलची पट्टी लावून मोजलं तर दिवसाला आठ मिलीमीटर. सासूबाईंना हा हिशेब सांगितला तर म्हणाल्या, "म्हणजे रोज आठ बादल्या तुम्ही आकाशाला घालता, आणि मी तुळशीला एक तांब्या जास्त घातला की मला टोकता."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अधूनमधून गुरुवारी पाणी बंद असणाऱ्या शहरात आपण हौस करतोय याचं थोडं भान ठेवावं लागतं. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे मे महिन्यातले बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर गेले होते, पुण्याचा संघ घरचे उरलेले सामने विशाखापट्टणमला खेळला. मैदानातल्या गवताचा हिशेब झाला, तसा आपल्या टँकचाही कुणीतरी विचारणारच. पिण्याच्या पाण्याने टँक भरू नका. टँकर किंवा बोअर वापरा, आणि एकदा भरलेलं पाणी वर्षानुवर्षं टिकवा. नीट राखलेलं पाणी दर उन्हाळ्यात बदलावं लागत नाही.

म्हणून पैसे खर्च करायची पहिली वस्तू म्हणजे कव्हर. निळ्या रंगाचं, एका बाजूला फुगे असलेलं बबल कव्हर मिळतं, फुग्यांची बाजू पाण्याकडे करायची. त्याने पाणी उडणं खूपच कमी होतं आणि पाचोळाही वरच्या वर राहतो. तोटा एवढाच की पाणी तापतं. मार्चमध्ये ते हवंहवंसं वाटतं, पण मेमध्ये आंघोळीच्या पाण्यात उतरल्यासारखं होतं. म्हणून मे लागला की आम्ही ते फक्त गावाला जाताना टाकतो. आणि कव्हर अर्धं गुंडाळून पोहायला उतरायचं नाही, कधीच नाही. लहान मूल त्याच्या खाली सरकलं तर वरून दिसतसुद्धा नाही.

दुसरी वस्तू सावली. इथे बहुतेक लोक फसतात, मीही फसले. माझी कल्पना होती की पश्चिमेला उंच कुंड्या मांडल्या आणि कंपाउंडची भिंत आहेच, म्हणजे झालं. पण पुण्यात 13-14 मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. त्याच्या आधीचे-नंतरचे पंधरा दिवसही फार वेगळे नसतात. ऐन सुट्टीत भिंतीची सावली भिंतीच्याच पायाशी. तेव्हा सावली वरून हवी आणि दुपारी तीननंतर पश्चिमेकडून हवी. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

वरच्यासाठी शेतीची शेडनेट स्वस्तात काम करते, पंचाहत्तर टक्क्यांची घ्या. मात्र हिरवी घेऊ नका. हिरव्या नेटखाली पाणी शेवाळलेलं दिसतं आणि माणसं कावीळ झाल्यासारखी. फिकट रंगाची मिळाली तर बघा, किंवा थोडे जास्त पैसे घालून शिडासारखं त्रिकोणी कापड घ्या. पश्चिमेला बुरूड आळीतून बांबूचे तट्टे आणून उभे केले तर सुंदर दिसतं, आणि आमच्याकडे तर तीच सजावट समजली जाते. त्यांच्या आतल्या बाजूने वाळ्याचा पडदा सोडून संध्याकाळी त्यावर पाणी मारलं की जो वास सुटतो, त्यापुढे बाकी सगळी रोषणाई फिकी.

आता नेट बांधण्याबद्दल. पहिल्या वर्षी मी ती लोखंडी तारेने ढोलासारखी ताणून बांधून घेतली. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी वळीव आला. आधी धूळ, मग गारा. गारा नेटच्या मधोमध साठल्या, एक खांब वाकला आणि नेट सुटून शेजाऱ्यांच्या आंब्यावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका फाटकाशी आले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "आमच्या कैऱ्यांना जाळी घातल्याबद्दल आभारी आहोत." तेव्हापासून नेट उतार देऊन बांधते आणि चारही टोकांना तारेऐवजी उघडता येणारे हूक. पश्चिमेला ढग काळे झाले की दोन मिनिटांत उतरवता आली पाहिजे. दोर, हूक, टर्नबकल (दोर ताणायचा पेच) हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत होतं. शनिवारी दुपारी मात्र जाऊ नका.

तिसरी गोष्ट पाणी, आणि तिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हिरवट टँकभोवती कितीही दिव्यांच्या माळा सोडल्या तरी तो हिरवटच दिसतो.

एक टेस्ट किट घ्या, दोन नळ्या आणि दोन बाटल्यांचं साधं. एका नळीत क्लोरीन कळतो, पाणी पिवळं होतं. दुसरीत पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते. रोज सकाळी मी चष्मा लावून, चहा बाजूला ठेवून, नळ्या पांढऱ्या भिंतीसमोर धरते. पीएचची नळी केशरी-लाल दिसली की बरं, 7.4 ते 7.6 च्या आसपास. गुलाबीकडे झुकली की पीएच चढलाय, पिवळी पडली की उतरलाय. मोकळा क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेला, 1 ते 3 पीपीएम हवा. हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम क्लोरीन म्हणजे एक पीपीएम, एवढं गणित डोक्यात ठेवलं की दुकानदार सांगेल तेवढं ओतावं लागत नाही.

पुण्याचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, क्षार भरपूर. टँकर बहुतेक वेळा बोअर किंवा विहिरीवरूनच भरलेला असतो. अशा पाण्यात ब्लीचिंगसारखी कॅल्शियमवाली पावडर टाकत राहिलात की पाण्याच्या कडेने टाइल्सवर पांढरी रेघ उमटते आणि ती खरवडताना आठवडा जातो. मी द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन) वापरते. त्याचा कॅन सावलीत, थंड जागी ठेवा. उन्हात ठेवलेला हायपो लवकर निकामी होतो. क्लोरीनच्या गोळ्या सोयीच्या असतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांत उन्हापासून क्लोरीनला वाचवणारं सायन्युरिक आम्ल असतं, पण ते पाण्यात साठत जातं. ते 30 ते 50 पीपीएम असावं. फार वाढलं की क्लोरीन असूनही काम करेनासा होतो, आणि मग थोडं पाणी काढून नवं भरण्याशिवाय इलाज नाही. म्हणून गोळ्या फक्त प्रवासाला जाताना. औषध नेहमी सूर्य मावळल्यावर टाकायचं, नाहीतर निम्मं ऊनच खाऊन टाकतं.

दोन वेगळ्या प्रकारचं क्लोरीन एका भांड्यात, एका डब्यात, अगदी एका मोजमापाच्या पेल्यातही एकत्र करायचं नाही. आग लागू शकते. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू होतो. बादलीत आधी पाणी, मग त्यात औषध. उलट नाही.

आणि 'क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे जास्त झालं' हा समज सोडा. तो झोंबणारा वास घाम, तेल वगैरेंशी क्लोरीनची प्रक्रिया झाल्यावर येतो. म्हणजे बऱ्याचदा क्लोरीन कमी पडलेला असतो आणि पोहणारे न धुता उतरलेले असतात. आमच्याकडे रंगपंचमीला भाचा 'रंग सगळा सुकलाय' म्हणत थेट धावत आला आणि गुडघे पोटाशी धरून पाण्यात बॉम्ब मारला. काठावरून बघताना मी त्याच्याभोवती गुलाबी ढग पसरताना पाहिला, अगदी दुधात रूह अफ्जा ओतावं तसा. पाणी तीन दिवस गुलाबी, फिल्टरची वाळू दोनदा उलटी धुतली, आणि वरच्या ओळीतल्या सिमेंटच्या सांध्यांवर अजूनही एक फिकट छटा आहे. तेव्हा टँकच्या वाटेवर भिंतीला एक नळ आणि हँडशॉवर लावून घ्या, खाली पाय धुवायला उथळ परात. या शॉवरने जेवढं काम वाचतं तेवढं दुसऱ्या कशाने वाचत नाही.

पंप रोज सहा ते आठ तास चालवा. वाळूच्या फिल्टरवरचा दाबाचा काटा नेहमीपेक्षा 8-10 पीएसआय वर गेला की बॅकवॉश, म्हणजे वाळू उलटी धुणं. ते पाणी गटारात न सोडता ड्रममध्ये एक-दोन दिवस उघडं ठेवा, मग गाडी, अंगण धुवायला होतं. सोबत लांब दांड्याची जाळी आणि एक ब्रश. यंत्रमानवासारखे आपोआप फिरणारे सफाईवाले मिळतात, पण एवढ्या टँकला गरज नाही. पैसे सावलीत घाला.

आता सजावट. माझा नियम एकच: टँकच्या जवळ असं काही नको जे पाण्यात गळेल. बोगनवेल लांब, गुलमोहर लांब, बांबूचं बेट तर फारच लांब. त्याची पानं स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) जाळीत अशी अडकतात की पंप कोरडा ओढायला लागतो. कण्हेर लहान मुलं असलेल्या घरात नकोच, ती विषारी आहे. कर्दळ, सोनटक्का, मोठ्या कुंडीत अनंत आणि मोगरा, हे सगळं उन्हाळ्यात छान राहतं आणि कचरा कमी करतं. मोगरा बसायच्या जागेजवळ ठेवा, पाण्याजवळ नको.

हे सगळं सांगून झाल्यावर कबूल करते की आमच्या टँकच्या ईशान्येला एक बहावा आहे आणि त्याची एक फांदी पाण्यावर आली आहे. तोडायचा विषय दरवर्षी निघतो. मग एप्रिल येतो, पिवळे घोस लोंबायला लागतात आणि विषय पुढे ढकलला जातो. सकाळी सहाला पाण्यावर पाकळ्यांचा थर असतो. जाळीने एका कोपऱ्यात लोटत न्यायचा, उचलायचा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचा, वीस मिनिटं जातात. नवरा याला माझा व्यायाम म्हणतो.

झडलेल्या पाकळ्या निस्तरायच्या ते एक, पण मुद्दाम पाकळ्या टाकू नका. पुतणीच्या डोहाळजेवणाला मी हौसेने झेंडूच्या पाकळ्या पाण्यावर पसरल्या होत्या. फोटो उत्तम आले. रात्री पंपाच्या टोपलीत चिखलासारखा पिवळा गोळा. तेलाच्या पणत्याही पाण्यात सोडू नका, तेलाचा तवंग टाइल्सना चिकटतो. त्याऐवजी काठावर एक घंगाळं ठेवा. आमचं जुनं तांब्याचं घंगाळं माळ्यावर पडून होतं, तांबट आळीत नेऊन ठोकून-घासून आणलं. त्यात पाणी, दोन मुठी मोगरा आणि तीन पणत्या. पाहुणे टँक सोडून त्याचेच फोटो काढतात.

दिव्यांचं बजेट झाडांवर आणि भिंतीवर खर्च करा. पाण्यावर आडव्या माळा सोडू नका, विजेच्या दृष्टीने नाही आणि किड्यांच्या दृष्टीनेही नाही. पांढऱ्या दिव्याखाली पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे हजारोंनी पाण्यात पडतात. पिवळसर दिवे, पाण्यापासून दूर. पाण्याखालचा दिवा असेल तर तो 12 व्होल्टचाच असावा, ट्रान्सफॉर्मर लांब, आणि टँककडच्या सगळ्या वायरिंगवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच बंद करणारा स्विच). जुना बंगला आहे म्हणता, तर दिवा लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. दिवाळीच्या माळा दिवाळीलाच.

बसायला महागडे लाउंजर घेऊ नका. वेताचं सामान ओलं होऊन सडतं, लोखंडाला गंज चढतो, गडद प्लास्टिक दुपारी चटका देतं. आम्ही गावाकडून दोन बाजा आणल्या आणि नायलॉनच्या पट्टीने विणून घेतल्या. ओल्या अंगाने बसा, दहा मिनिटांत कोरड्या. काठाची फरशी गुळगुळीत शहाबादी असेल तर ती आधी खरवडून खडबडीत करून घ्या, ओली झाली की पाय सटकतोच. आणि पोहायच्या आधी काठावर एक बादली पाण्याचा सडा, म्हणजे मुलं तापल्या फरशीवर नाचत नाहीत.

पाटीशिवाय पुण्यात सजावट पूर्ण कशी होणार? आमची लाकडी आहे, पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेली: 'डोक्याला तेल लावून आलेल्यांनी काठावर बसून शोभा वाढवावी.' खाली दुसरी ओळ नंतर वाढवली: 'आंबा खाऊन आलेल्यांनी हात दाखवावेत.' हसतात सगळे, पण शॉवरखाली जातात.

खेळण्यांबद्दल थोडक्यात. फ्लेमिंगो हवा तर घ्या, पण हवा भरलेलं काहीही जीव वाचवायला नसतं. दंडातल्या फुग्यांच्या भरवशावर मूल सोडू नका. काठावर दोर बांधलेली एक लाइफ रिंग आणि एक लांब काठी कायम हवी. टँकभोवती चार फुटांचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक ही बजेट बेताचं असलं तरी टाळायची गोष्ट नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, शांतपणे बुडतं. पोहणं झालं की सगळी खेळणी पाण्यातून बाहेर, कारण तरंगणारा चेंडू दोन वर्षांच्या मुलाला बोलावतो. मुलांचे पोहायचे कपडे भडक केशरी किंवा पोपटी घ्या, निळे निळ्या पाण्यात दिसत नाहीत. तळाच्या जाळीचं झाकण तुटलेलं असेल तर ते बदलल्याशिवाय कुणाला उतरवू नका. पंपाच्या ओढीने केस किंवा हात अडकू शकतात, आणि जुन्या टँकमध्ये तळाला एकच जाळी असण्याची शक्यता जास्त. तुमच्याकडे तसं असेल तर दुसरी बसवून घ्यायचा खर्च आधी करा, बाज नंतर विणा.

हे वाचून कुणी फ्लॅटवाले गच्चीवर फुगवायचा टँक ठेवायच्या विचारात असतील तर: दोन फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 600 किलोंहून जास्त वजन, आणि वावराच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे 150 किलो धरून आखलेला असतो. मुलांना खाली बागेत न्या.

जून लागला की नेट उतरवून, वाळवून, उंदरांपासून लांब ठेवा. टँक मात्र रिकामा करू नका. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामा टँक खालून उचलला जाऊन त्याला तडे जाऊ शकतात. पंप रोज थोडा वेळ चालू ठेवा आणि क्लोरीन राखा. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या तर महापालिकेची नोटीस येते, आणि त्याच्या आधी शेजारचे काका येतात.